‘मैदानावर जाईना गेलीय’

कोरोनाच्या काळात आणि त्यानंतरही समुपदेशनासाठी माझ्याकडं येणाऱ्या खेळाडू मुलांच्या आईवडिलांचं पहिलं वाक्य जवळपास ठरलेलं असायचं. “मॅडम, आता सगळं सुरू झालंय, तरी लेकरू मैदानावर जाईना गेलंय.” मग मोबाईल, आळस, वाढलेलं वजन. कधी क्रिकेटवाला पोरगा, कधी पोलीस भरतीसाठी पहाटे डांबरी रस्त्यावर पळणारी पोरगी. त्यातली एक खो-खोवाली सांगते. तिच्या बाबतीत मी स्वतः चुकले होते, म्हणून ती जास्त लक्षात आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.

जानेवारी 2021. धाराशिव तेव्हा उस्मानाबाद होतं. तुळजापूरच्या बाजूच्या एका गावातून आईवडील आणि मुलगी असे तिघं एकाच मोटरसायकलवर आले. मुलगी अकरावीला, जिल्ह्याच्या संघात खेळलेली. नववी ते बारावीचे वर्ग 23 नोव्हेंबरपासून उघडायला परवानगी मिळाली होती, मैदानावर चार माणसं दिसू लागली होती. ही मात्र घराबाहेर पडत नव्हती.

“सारखी मोबाईल बघायलीय,” वडील म्हणाले. “आधी पहाटं पाचला उठवायची गरज नव्हती हिला.”

आई जरा वेगळं बोलल्या. “एक बरं झालं बघा ताई, गुडघे नीट झाले हिचे. उद्या पाहुणे बघायला आले तर...”

पोरीनं ओढणी गुडघ्यांवर ओढून घेतली. खांबावर सूर मारणाऱ्या मुलींच्या गुडघ्याकोपरांवर बारा महिने खपली असते. एक पडायच्या आत दुसरी धरते. हिच्या खपल्या लॉकडाऊनमध्ये पडून गेल्या होत्या, आणि त्याचं समाधान घरात एकट्या आईला होतं. हे मला तेव्हाच टिपायला हवं होतं. मी दुसरीकडंच बघत होते.

ऑक्टोबरमध्ये घरात सगळ्यांना कोरोना होऊन गेला होता, सौम्यच. मला धागा सापडल्यासारखं वाटलं. दम लागत असेल, पहिल्यासारखं पळता येईल का ही भीती असेल. बऱ्याच खेळाडूंच्या बाबतीत ते खरंही होतं. खेळ थांबला की दोन-तीन आठवड्यांतच दमसास उतरायला लागतो, त्यात आजारपण. म्हणून आधी तिला डॉक्टरांकडं पाठवलं. छातीत दुखणं, धडधड, चक्कर, असलं काही असेल तर तपासून घेतल्याशिवाय मैदानावर उतरायचं नाही, हे मी आजही सांगते. ईसीजी ठीक निघाला. मग मी वेळापत्रक आखून दिलं: पहिला आठवडा वीस मिनिटं चालणं, मग थोडं चालणं थोडं पळणं, वहीत रोजची नोंद.

तिनं नऊ दिवस नोंदी केल्या. सुंदर अक्षरात तारीख, मिनिटं, नाडीचे ठोके. दहाव्या दिवशी एकच शब्द होता, ‘कशाला’.

तिसऱ्या भेटीत वही टेबलावर ठेवून ती अचानक म्हणाली, “ऑगस्टमध्ये गोल्फला परवानगी दिली होती मॅडम. आमच्याकडं गोल्फ खेळतं कोण?”

तिची माहिती बरोबर होती. 29 जुलै 2020 च्या आदेशात राज्य सरकारनं 5 ऑगस्टपासून गोल्फ, नेमबाजी, जिम्नॅस्टिक्स, टेनिस, उघड्यावरचं बॅडमिंटन आणि मल्लखांब सुरू करायला मुभा दिली होती. सांघिक खेळ त्यात नव्हते. साथीच्या हिशेबानं ते बरोबरच होतं. गोल्फ खेळणाऱ्या दोघांमध्ये अख्खं रान ठेवता येतं. खो-खोत गडी बहुतेकदा शिवूनच बाद होतो, आणि पाठीला हात लावल्याशिवाय खो देता येत नाही. ज्याला डॉक्टर ‘करू नका’ म्हणत होते, नेमका तोच खेळ.

हे मी सांगायला लागले तर ती म्हणाली, “कळतंय की मला. मी आदेशावर चिडलेली नाही.”

लहान मुलांसाठी माझ्या टेबलावर चिंचोक्यांची वाटी असते. तिनं ती ओढली, आठ चिंचोके एका ओळीत मांडले, दोन टोकांना माझी दोन पेनं, खांब म्हणून. नववा चिंचोका हातात धरला, तो ती स्वतः. मग ओळीतला एकेक उचलायला लागली. “हिचं लग्न झालं, जूनमध्ये, पन्नास माणसांत. हिचंही. ही आईवडिलांसोबत ऊसतोडीला गेली. ही पुण्याला, आत्याकडं, कामाला.” प्रत्येकीचं नाव घेत होती. चार उरले. हातातला चिंचोका तिनं मोकळ्या जागेवरून फिरवला. “इथं कुणाच्या पाठीवर खो देऊ?”

मी गप्प बसले. सांगण्यासारखं काही नव्हतंच.

त्या दोन लग्नांपैकी एक मुलगी सतरा वर्षांचीही नव्हती. 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन केला, गावचा ग्रामसेवक बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो म्हणून त्यांनाही गाठलं. लग्नाला सात महिने होऊन गेले होते. पन्नास माणसांच्या मर्यादेनं लग्नाचा खर्च वाचला, याचं कौतुक मी त्या काळात फार ऐकलं. आता ऐकवत नाही.

चूक माझी अशी, की पळणाऱ्याचं औषध मी खो-खोवालीला दिलं होतं. एकट्यानं खेळणाऱ्याचं मैदान आदेश निघाला की उघडतं. हिचं मैदान म्हणजे त्या आठ पाठी होत्या, आणि त्यातल्या चार गेल्या होत्या. मोबाईलवर ती काय बघते, हेही तेव्हाच विचारलं. उस्मानाबादच्याच खो-खोपटू सारिका काळे यांना त्या ऑगस्टमध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला, समारंभ ऑनलाइन झाला, तो. आणि सरांनी जिल्हा स्पर्धेत काढलेला स्वतःच्या संघाचा व्हिडिओ. तोच, पुन्हा पुन्हा.

वडिलांना मी तेव्हा सांगितलं, तेच आजही सांगते. ‘सगळ्यांचंच वर्ष गेलं’ हे वाक्य घरात बोलू नका. तिचं गेलेलं तिला आधी मोजू द्या. अठराच्या आतल्या कुमारी गटातून ती वर्षभरात बाहेर पडणार होती, म्हणजे तो संघ पुन्हा उभा राहणार नव्हता, आणि ते तिला आपल्याआधी कळलं होतं. मैदानावर ढकलण्यापेक्षा संघातलं कोण कुठं आहे ते विचारा, फोन लावून द्या. पण झोप उडाली, जेवण तुटलं, जगून काय करू अशी भाषा आली, तर थांबू नका. आता 14416 ही टेलिमानसची, म्हणजे मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे, मराठीत बोलता येतं.

पुढं एप्रिलमध्ये दुसरी लाट आली आणि आमचं बोलणं फोनवरच राहिलं. पुण्याला गेलेली मैत्रीण सापडली, ऊसतोडीवरची मेमध्ये परतली, पण शाळेत आली नाही. लग्न झालेल्यांपैकी एकीचा फोन नेहमी सासूच उचलायची. मी काही योजना आखली नव्हती. पावसाळा सरल्यावर ती आपण होऊनच संध्याकाळी शाळेमागच्या मोकळ्या जागेत जायला लागली. पाचवी-सहावीच्या पोरी जमवायची. आधी दोघी, मग पाच. तिची जुनी जोडीदारीण एक तेवढी यायची, चौघींपैकी.

दिवाळीच्या आधी आईंचा फोन आला. मला वाटलं, पुन्हा काही बिनसलं.

“ताई, तुम्हीच सांगा हिला आता. दिवाळीला आणलेली पाच किलो पांढरी रांगोळी हिनं मैदान आखायला नेली. दारात काय काढू मी?”