आई एकटी करत नव्हती

न्यू जर्सीहून एकीने लिहिलंय: "ताई, पहाटे पाचला उठते. मुलांचे दोन डबे, आमचे दोन, मग साडेसातची ट्रेन. संध्याकाळी परत स्वयंपाक, भांडी, कपडे. रात्री अकराला ओट्याशीच उभी असते. माझी आई पुण्यात बँकेत नोकरी करून हे सगळं करायची. मला का जमत नाही?"

अगं, आधी एक हिशेब कर. आईच्या घराला दिवसभरात किती जणांचे हात लागायचे? धुण्याभांड्याच्या मावशी, पोळ्यांच्या मावशी, दारात दूध आणि पेपर टाकणारे. इस्त्रीवाला गाठोडं घेऊन जायचा आणि घड्या घालून परत आणायचा. गिरणीत डबा ठेवला की दळण तयार. वाण्याला यादी दिली की त्याचा पोऱ्या सामान घरी टाकून जायचा. आजी असेल तर भाजी निवडलेली, आणि मुलं शाळेतून आली की दार उघडायला कुणीतरी घरात. एवढी माणसं वजा करून तेच घर, तसंच्या तसं, तू दोन हातांनी चालवायला निघालीस. पाचला उठ नाहीतर चारला, भागणार कसं?

तेव्हा प्रत्येक माणसाच्या जागी काहीतरी बसवायचं. जिथे बसत नाही, ते काम सोडून द्यायचं.

भांड्यांच्या मावशी तर तुझ्या ओट्याखालीच उभ्या आहेत. पण आपल्या कितीतरी घरांत डिशवॉशर म्हणजे भांडी निथळायची जागा, नाहीतर डाळींच्या डब्यांचं कपाट! "पाणी किती जातं त्याला" हे कारण ऐकलं की मला हसू येतं. चालू नळाखाली भांडी घासताना त्याहून जास्त पाणी जातं. नवं यंत्र एका फेरीत साधारण पंधरा लिटरमध्ये काम उरकतं. स्टीलची ताटं, वाट्या, पातेली बिनधास्त घाल. मात्र अ‍ॅल्युमिनियमचा कुकर घालू नकोस, काळा पडतो. बिडाचा तवाही नको. रात्री झोपताना बटण दाबायचं आणि सकाळी चहाचं आधण ठेवलं की भांडी लावायची.

आता वाटण. खरा वेळ इथे जातो, आणि इथेच वाचतो. रोज एक कांदा चिरा, परता, खोबरं भाजा, मिक्सर काढा, मिक्सर धुवा. याला अर्धा तास कुठेच जात नाही. त्याऐवजी महिन्यातून एकदा दोन किलो कांदे उभे चिर, तेल चोळून ओव्हनच्या ट्रेमध्ये पसर आणि २०० सेल्सिअसला ठेव. तुमच्या ओव्हनवर ४०० फॅरनहाइट. पाऊण तासात तांबूस होतात. मधे एकदा उलथण्याने हलवायचे, एवढंच. कडेचे थोडे करपतात, करपू देत, मटणाच्या रश्श्याला तेच चांगले लागतात. सुकं खोबरं वेगळं भाज, ते दोन मिनिटांत जळतं. आलं, लसूण घालून सगळं बारीक वाट, बर्फाच्या ट्रेमध्ये भर आणि गोठल्यावर त्या वड्या पिशवीत काढून ठेव. चौघांच्या उसळीला चार वड्या पुरतात. दोन-तीन महिने चव जात नाही. ट्रे मात्र वाटणासाठी वेगळाच ठेव. आमच्याकडे एकदा पाहुण्यांच्या सरबतात लसणाचा वास आला होता. (जर्मनीत राहणाऱ्यांनी हा उद्योग शनिवारी करावा. रविवारी दुकानं बंद, आणि खालच्या मजल्यावरच्यांना मिक्सरचा आवाज खपत नाही.)

मोड आलेली मटकी, मूगही असेच गोठवता येतात. थंडीत मोड येत नसतील तर फडक्यात बांधून बंद ओव्हनमध्ये ठेव, नुसता आतला दिवा लाव. इडलीचं पीठही तिथेच फुगतं.

कुकर लावायची आपली पद्धत या सगळ्या नव्या युक्त्यांची आजी आहे. खाली वरण, वर भात, त्यावर बटाटे. इलेक्ट्रिक कुकरमध्येही डब्यावर डबा बसतो आणि शिट्या मोजत उभं राहावं लागत नाही. दोन वेळचा भात एकदम लावलास तर उरलेला रात्रभर ओट्यावर ठेवू नकोस. परातीत पसरून निववायचा आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये. सकाळचा फोडणीचा भात त्याचाच कर. आणि एक महत्त्वाचं: कच्चा राजमा स्लो कुकरमध्ये घालून ऑफिसला जायची युक्ती करू नकोस. मंद आचेवर त्यातलं विष जात नाही, उलट्या होतात. रात्रभर भिजवून, ते पाणी फेकून, सरळ प्रेशर कुकरमध्ये शिजव.

पोळ्या रोज नकोत. हे लिहिताना माझ्या सासूबाई डोळ्यांसमोर येतात, तरी लिहिते. आठवड्यात तीन दिवस पोळ्या पुष्कळ झाल्या. शनिवारी तीस लाटून अर्धवट भाजायच्या, गार झाल्या की मधे बटर पेपर घालून फ्रीजरमध्ये. खायच्या वेळी थेट तव्यावर. तेही होत नसेल तर दुकानातल्या गोठवलेल्या आण. काही वाईट नसतात, फक्त आईला व्हिडिओ कॉलवर पाकीट दिसू देऊ नकोस.

मुलांच्या डब्यात एक अडचण आपली खास आहे: दाण्याचं कूट. बऱ्याच शाळांत शेंगदाणा चालत नाही आणि आपली निम्मी कोशिंबीर, सगळी साबुदाण्याची खिचडी त्याच्यावर उभी. कुटाऐवजी तीळ म्हणशील तर अमेरिकेत २०२३ पासून तिळाचं नावही अ‍ॅलर्जीच्या मुख्य यादीत आहे. शाळेला विचारून घे. सूर्यफुलाच्या बिया भाजून कूट केलं तर काकडीच्या कोशिंबिरीत चटकन कळतसुद्धा नाही.

"आज काय करू?" हा प्रश्न तर घरातून हद्दपारच कर. सोमवारी उसळ, मंगळवारी पिठलं-भात, बुधवारी पास्ता, असं ठरवून फ्रीजवर लाव. कुणी कुरकुरलं तर कागदाकडे बोट दाखवायचं.

तुझ्या पत्रात नवऱ्याचा उल्लेख एकदाच आहे, तोही डबा नेणारा म्हणून. तो "मदत" करायला तयार असेलच, पण मदतनीसाला दर वेळी सांगावं लागतं आणि सांगण्यात तुझाच वेळ जातो. त्याला एक अख्खं काम दे. कपडे म्हणजे टोपलीतून मशीन, मशीनमधून ड्रायर, घड्या, कपाट, सगळं. पहिल्याच आठवड्यात पांढरा शर्ट गुलाबी होईल. होऊ दे, त्याचाच असेल. मोठी मुलगी नऊ वर्षांची आहे म्हणतेस. ती कुकरला डाळ-तांदूळ धुऊन देऊ शकते, पाण्याच्या बाटल्या भरू शकते.

सगळं एकदम करायला जाऊ नकोस. या रविवारी फक्त डिशवॉशरमधले डाळींचे डबे बाहेर काढ. वाटणाचं पुढच्या रविवारी बघू.