साथीच्या दिवसांत विज्ञानलेखन: तुझ्या प्रश्नाला उत्तर

साथ चालू असताना लिहायचं तर आधार कुणाचा घ्यायचा, असं विचारलंस. मी आधी ठेच खाल्ली, मग शिकलो. २०२० साली २२ मेला 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे मलेरियावरचं औषध कोविडमध्ये देण्यावरचा शोधनिबंध आला आणि ४ जूनला मागे घेतला गेला. मधल्या १३ दिवसांत मी लेख पाठवून मोकळा! तज्ज्ञांनी तपासलेल्या निबंधाची ही गत, तर मेडआर्काइव्ह या संकेतस्थळावरच्या न तपासलेल्या मसुद्यांचं काय? ते वाच जरूर, पण 'हे अजून तपासलेलं नाही' हे पहिल्याच परिच्छेदात सांग. लेख पाठवण्याआधी 'रिट्रॅक्शन वॉच' या संकेतस्थळावरची, मागे घेतलेल्या कोविड-निबंधांची यादी चाळायची सवय लाव.

निबंधाच्या लेखकाशी बोलशीलच. त्या कामात अजिबात नसलेल्या दुसऱ्या कुणा तज्ज्ञालाही विचार. आणि संख्याशास्त्राचा एक माणूस ओळखीत हवाच. 'धोका निम्मा झाला' म्हणजे शंभरात दोनाचा एक झाला की चाळीसाचे वीस, हे तोच विचारायला लावतो.

लेखनाच्या कसबासाठी 'द ओपन नोटबुक' हे विज्ञानपत्रकारांसाठीचं संकेतस्थळ फुकट वाचता येतं. मराठी परिभाषेवर अडलीस तर मराठी विज्ञान परिषदेतली मंडळी आहेत. १९६६ पासून हेच करताहेत. मी एकदा 'प्रतिपिंड' लिहून पुढे सरळ अँटिबॉडी म्हणतो, शुद्धतावादी रागावले तरी.

लेख छापला नाही तर मानधन किती, हे आधीच मेलवर घे. संकोच करू नकोस.

आणि रात्री झोपताना आकडे बघू नकोस. मी बघायचो, आणि दुसऱ्या दिवशी एक वाक्य धड होत नसे.