‘पॅन्झर रणगाडा’ ही द्विरुक्ती आहे का?

प्रश्न असा: डान्झिगमधल्या (आताचं पोलंडमधलं ग्दान्स्क) पोलिश टपाल कचेरीवर १ सप्टेंबर १९३९ ला, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या पहिल्याच दिवशी, जर्मनांचे ‘पॅन्झर रणगाडे’ चालून आले, असं एका मराठी लेखात वाचलं. पॅन्झर म्हणजेच रणगाडा ना? मग हे ‘लेडीज बायका’सारखं झालं नाही का?

नाही. गंमत म्हणजे शब्द म्हणून तो चोख आहे, चुकलाय तो प्रसंग.

जर्मनमध्ये ‘पॅन्झर’ म्हणजे मुळात चिलखत. जुन्या फ्रेंचमधल्या पोटाच्या शब्दावरून तो आला, म्हणजे पोट झाकणारं चिलखत. कासवाची पाठ पॅन्झरच, तिजोरी म्हणजे ‘पॅन्झरश्रांक’ (चिलखती कपाट), आणि आपल्या काझीरंगाच्या गेंड्याला जर्मन लोक ‘पॅन्झरनासहॉर्न’ म्हणतात. रणगाड्याचं पूर्ण नाव ‘पॅन्झरकाम्प्फवागन’. काम्प्फ म्हणजे लढाई, वागन म्हणजे गाडी. आता आपला शब्द फोडून बघा: रण, गाडा. ज्याने कोणी हा शब्द घडवला त्याने नकळत ‘काम्प्फवागन’च लिहिलंय. तेव्हा ‘पॅन्झर रणगाडा’ म्हणजे चिलखती रणगाडा, अख्खं जर्मन नाव. रोजच्या बोलण्यात जर्मनांनी शेपूट कापून ‘पॅन्झर’ ठेवलं, आपल्याकडे तेवढंच पोचलं.

पण डान्झिगला त्या दिवशी टपाल कचेरीसमोर उभ्या होत्या त्या ऑस्ट्रियात बनलेल्या एडीजीझेड गाड्या. रणगाड्यासारखे लोखंडी पट्टे नाहीत, रबरी टायर. जर्मनीने ऑस्ट्रिया गिळला तेव्हा त्या आयत्या हाती लागल्या. अशा गाडीला जर्मनमध्ये ‘पॅन्झरश्पेवागन’ म्हणतात, म्हणजे चिलखती टेहळणी गाडी. पॅन्झर दोन्हीकडे आहे, फरक पुढच्या शब्दात. मराठीत ती ‘चिलखती गाडी’, रणगाडा नव्हे. ‘पॅन्झर डिव्हिजन’चंही तसंच. तिच्यात रणगाड्यांबरोबर पायदळ, तोफखाना, सॅपर्स (लष्करी इंजिनियर) सगळे असत, म्हणून ‘रणगाडा डिव्हिजन’पेक्षा ‘चिलखती डिव्हिजन’ बरं.

उच्चाराबद्दलही विचारलंय. जर्मन झेड म्हणजे थेट आपला ‘चमचा’ या शब्दातला च. इंग्रजांना जमत नाही, आपल्याला फुकट जमतो. पण ‘पान्चर’ लिहिलं तर वाचणारा सायकलच्या दुकानात जाईल, म्हणून मी रूढ ‘पॅन्झर’च लिहितो.

त्याच लेखात ‘३८ टनी पॅन्झर’ही आहे म्हणता. मूळ नाव ‘पॅन्झर ३८(टी)’. हा टी टनाचा नाही, ‘चेशिश’चा, म्हणजे चेक (चेकोस्लोव्हाकियाचा), कारण जर्मन स्पेलिंग टीपासून सुरू होतं. १९४० मध्ये फ्रान्सवर चालून गेलेल्या जर्मन सेनानी रोमेलच्या डिव्हिजनमध्ये हेच चेक रणगाडे होते. वजन जेमतेम दहा टन, आणि ३८ हे १९३८ सालावरून.