भीड सोड आणि बंदुकीचं विचार

"मावशी, शेजारच्या चौदा वर्षांच्या मुलाने आमच्या मागच्या अंगणात येणाऱ्या मांजरीच्या पायात एअरगनचा छर्रा मारला. ती लंगडतेय. त्याच्या वडिलांचं पिस्तूल हॉलमधल्या ड्रॉवरमध्येच असतं, असं माझा मुलगा तिकडून खेळून आल्यावर म्हणाला. तो अजूनही तिकडे जातो. पण मांजर भटकी आहे, शेजाऱ्यांशी वाकडं कशाला, असं ह्यांचं म्हणणं."

अगं, टेक्सासच्या ऑस्टिनमध्ये आपलं असं जवळ कुणी नाही, अडीअडचणीला शेजारीच धावतात, हे मला कळतं. पण पिस्तुलाचं कळल्यावरही मुलगा तिकडे जातोच आहे, हे वाचून रागच आला. भीड ही भिकेची बहीण!

वऱ्हाडात माझ्या आजोबांकडे रानडुकरांसाठी परवान्याची बाराबोर बंदूक होती. ती कपाटात कुलपाआड, काडतुसं आजीच्या ट्रंकेत आणि किल्ली आजीच्या कमरेला. त्यामुळे बंदूक बाळगणाऱ्या सगळ्यांना मी नावं ठेवत नाही. ड्रॉवरमध्ये टाकून देणाऱ्याची मात्र गय नको. निष्काळजीपणामुळे १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेलं शस्त्र लागलं, तर टेक्सासमध्ये तो गुन्हा आहे. मिशिगनच्या ऑक्सफर्डमध्ये २०२१ साली १५ वर्षांच्या मुलाने घरच्या पिस्तुलाने शाळेतली ४ मुलं मारली. २०२४ मध्ये त्याच्या आईबापांनाही किमान १० वर्षांची कैद झाली.

माझी सून ह्यूस्टनला असते. नातवाला कुणाकडे पाठवण्याआधी ती अ‍ॅलर्जी, कुत्रा, स्विमिंग पूल यांच्याच ओघात विचारते, "घरात बंदूक आहे का? कुलपात असते ना? गोळ्या वेगळ्या?" अजून कुणी रागावलेलं नाही. एका बाईने तर तिला आत नेऊन तिजोरी दाखवली, वर कुलूप ओढूनही दाखवलं. तूही अस्संच विचार.

आणि मांजर "भटकी" म्हणून सोडून द्यायची? टेक्सासचा प्राण्यांवरच्या क्रौर्याविरुद्धचा कायदा भटक्या मांजरीलाही लागू आहे. एफबीआयसुद्धा २०१६ पासून प्राण्यांवरच्या क्रौर्याची वेगळी नोंद ठेवते. मुक्या जिवावर नेम धरणाऱ्या मुलाच्या घरात पिस्तूल उघडं पडलंय, याची तुला झोप उडायला हवी होती. आजच शहराच्या ३११ या मदत क्रमांकावर कळव, मांजरीला डॉक्टरकडे ने आणि एक्स-रेची प्रत जपून ठेव.

शेजारणीला फोनही आज संध्याकाळीच कर, आणि पिस्तूल कुलपात जाईपर्यंत मुलांना तुझ्याच अंगणात खेळू दे.