मुलीला तलाठी व्हायचंय? मग आधी घरचा सातबारा तिच्या हातात द्या

परभणी जिल्ह्यातनं एका वडिलांचं पत्र आलंय, बरंच मोठं आहे म्हणून मुद्द्याचं तेवढंच इथं देतो.

"सर, मुलगी २०२३ ला बीएस्सी अॅग्री झाली, त्याच वर्षीची तलाठी परीक्षा दिली, थोडक्यात हुकली. तेव्हापासून पुण्यात अभ्यासिकेत बसते, महिन्याला नऊ हजार पाठवतो. ती म्हणते तलाठीच व्हायचं. तिची आई म्हणते लग्नाचं बघा. मला वाटतं झाली तर चांगलंच, आमच्याकडं तलाठ्याशिवाय पान हलत नाही. आमचंच बघा, वडील २०११ ला वारले तरी सातबारा अजून त्यांच्याच नावावर, दोघी बहिणींची नावं लागतील म्हणून राहून गेलं. वर बांधाचं भांडण आहे तर तलाठी मोजणी करून देत नाही. घरातच तलाठी असला तर असली कामं मार्गी लागतील. चालू ठेवू का थांबवू?"

भाऊ, आधी मोजणीचं क्लिअर करतो. तलाठी मोजणी करून देत नाही कारण ते त्याचं कामच नाही. मोजणी भूमी अभिलेख खात्याची, तालुक्याला उपअधीक्षकांचं ऑफिस असतं तिथं अर्ज करायचा, फी भरायची, मग भूकरमापक येतो आणि हद्दी दाखवतो. तलाठी महसूल खात्याचा, त्याच्या वर मंडळ अधिकारी म्हणजे आपला सर्कल, मग नायब तहसीलदार, तहसीलदार, प्रांत आणि शेवटी कलेक्टर. ग्रामसेवक तिसराच, तो ग्रामपंचायतीचा, घराचा आठ नंबरचा उतारा त्याच्याकडं. गावात हे तिघं एकाच टपरीवर चहा पिताना दिसतात म्हणून सगळ्यांची गल्लत होते, तुमची एकट्याची नाही. त्यात २०२४ ला सरकारनं तलाठ्याचं नाव बदलून ग्राम महसूल अधिकारी केलं आणि ग्रामसेवकाचं ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे गोंधळात भरच. लोक तलाठीच म्हणणार, मीपण तेच म्हणतो.

आता पान हलत नाही म्हणता ते. तुम्हाला जे दिसतं ते खोटं नाही पण अर्धं आहे. तलाठ्याकडं गाव नमुना एक ते एकवीस अशी रजिस्टरं असतात, सात आणि बारा मिळून आपला सातबारा, आठ-अ म्हणजे खात्याचा उतारा, आणि सहा म्हणजे फेरफार, जमिनीत कुणाचा हक्क कसा आला कसा गेला त्याची नोंद. तर तलाठी फेरफार घेतो पण मंजूर करत नाही! खरेदीखत झालं, बोजा चढला, कुणी वारलं की तो नोंद धरतो, ज्यांचा संबंध त्यांना नोटीस काढतो, पंधरा दिवसांत कुणाची हरकत आली नाही तर नोंद प्रमाणित करतो सर्कल. हरकत आली की ती तक्रारी केस होते आणि तलाठ्याच्या हातात फक्त कागद पुढं पाठवणं उरतं. उत्पन्नाच्या दाखल्याचंही तसंच, अहवाल तलाठ्याचा आणि सही तहसीलदाराची. म्हणजे ठरवणारे वरचे, पण ते ठरवतात कशावरून तर ह्यानं खाली काय लिहिलंय त्यावरून. ताकद म्हणाल तर एवढीच आहे, लिहिण्याची, आणि अडवून ठेवण्याची. दुसरीचे पैसे होतात म्हणून लाचलुचपतच्या सापळ्यांच्या बातम्यांत महसूल खातं कायम वरच्या नंबरात असतं.

माझे मामा तलाठी होते, सायकलच्या कॅरिअरला लाल रुमालात बांधलेलं दप्तर लावून चार गावं फिरायचे. लहानपणी मला वाटायचं मामा म्हणजे राजा, कारण ज्या घरी जाईल तिथं खाट टाकायचे. नंतर कळलं की ज्याच्या खाटेवर बसले त्याच्याच भावाची हरकत नोंदवायची असायची आणि चहाचा कप हातात असायचा. ते म्हणायचे चहा पिऊन झाल्यावर खरं लिहायला जड जातं, म्हणून रिटायर होईपर्यंत बऱ्याच घरी नुसतं पाणी प्यायचे.

हे मुद्दाम सांगितलं कारण तुमच्या पत्रातलं एक वाक्य. "बहिणींची नावं लागतील म्हणून राहून गेलं." भाऊ, तुमची मुलगी तलाठी झाली तर आठवड्याला असा एक तरी माणूस तिच्या समोर बसणार, तुमच्याच वयाचा, तुमच्यासारखाच चांगल्या स्वभावाचा, आणि म्हणणार मॅडम बहिणींचं काय लिहिताय, त्या दिल्या घरी सुखात आहेत. आणि तिला म्हणावं लागणार, काका, नावं लागतील, त्यांना नको असेल तर नंतर रजिस्टर हक्कसोड पत्र करून देतील, तो त्यांचा निर्णय, तुमचा नाही. हे ज्याला तोंडावर, न चिडता म्हणता येतं तो तलाठी टिकतो, ज्याला येत नाही तो एकतर सापळ्यात सापडतो नाहीतर सगळं झिरो तलाठ्यावर सोडून मोकळा होतो. झिरो तलाठी म्हणजे ऑफिसात बसणारा खाजगी पोऱ्या, ज्याची कुठं नेमणूक नसते पण रेट सगळे पाठ असतात, तुम्ही नक्की बघितला असेल.

आणि घरातच तलाठी असला तर हे डोक्यातनं काढाच. घरच्या जमिनीचं काम घरच्या तलाठ्यानं करायचं नसतं, नोकरी जाईल अशी चूक आहे ती. तिला तिथं तुमच्या बांधासाठी पाठवताय असं तिच्या मनात कधी येऊ देऊ नका.

आता भरतीचं गणित. २०१९ ला भरती झाली, त्यानंतर थेट २०२३, मध्ये चार वर्षं गेली. २०२३ ला ४,६४४ जागांची जाहिरात आली आणि अर्ज दहा लाखाच्या वर, प्रत्यक्ष पेपर दिले ते साडेआठ लाखाच्या वर, म्हणजे एका जागेमागं जवळजवळ १८५ पोरं समोरासमोर. परीक्षा ऑगस्ट-सप्टेंबरात ५७ शिफ्टमध्ये झाली, मार्कांचं नॉर्मलायझेशन केलं, म्हणजे वेगवेगळ्या शिफ्टचे मार्क एका मापात आणले, आणि २०० पैकी २१४ मार्क असा निकाल लागला, त्यावरून केवढा गदारोळ झाला आठवत असेल. थोडक्यात हुकली हे तुमची मुलगी खरंच सांगत असणार, पण अशा परीक्षेत थोडक्यात म्हणजे हजारो पोरं असतात हो.

पेपर कसा होता तर मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान, बुद्धिमापन-अंकगणित, प्रत्येकी २५ प्रश्न, दोन तास, निगेटिव्ह मार्किंग नाही. गंमत बघा, ज्या कामासाठी घेतात त्या जमीन महसूल कायद्यावर स्वतंत्र विषयच नाही, समानार्थी शब्द येणारा तलाठी होतो आणि फेरफार कसा धरायचा ते जॉइन झाल्यावर शिकतो. म्हणून माझं म्हणणं की ह्या परीक्षेसाठी पुण्यात बसून राहायची गरज नाही. हेच विषय थोड्याफार फरकानं सरळसेवेच्या बाकीच्या परीक्षांना आहेत. ती अॅग्रीची आहे तर कृषी खात्याच्या जागा आहेत, बँकांची आयबीपीएसची अॅग्रिकल्चर फील्ड ऑफिसरची परीक्षा आहे, तिला वयाची अट ३० पर्यंतच आहे म्हणून ती आधी द्यायची, तलाठ्याला ओपनला ३८ पर्यंत होती, ती पळून जात नाही. एकाच पदाच्या नावानं दोन-तीन वर्षं बसणाऱ्या पोरांना मी सरळ सांगतो की अभ्यास चालू ठेव पण आयुष्य बंद ठेवू नको. घरी या, जिल्ह्याच्या ठिकाणी अभ्यासिका बघा, नऊ हजाराचे तीन होतील.

पगार? सातव्या आयोगात २५,५०० ते ८१,१०० ची श्रेणी, भत्ते धरून सुरुवातीला हातात चाळीस हजारांच्या आसपास. पुढं खात्याच्या परीक्षा वेळेत पास केल्या तर सर्कल, नशीब आणि ज्येष्ठता असेल तर त्याच्याही वर.

तिच्या आईची काळजी मला पटते पण उत्तर लग्न नाही. बायकांना ३० टक्के आरक्षण आहे, त्यामुळं आता पुष्कळ सज्जांवर, म्हणजे तलाठ्याकडच्या गावांवर, मुली आहेत. पण नदीकाठचा सज्जा असेल तर रात्री वाळूच्या गाड्या अडवायला जावं लागतं आणि तिथं तलाठ्यांवर हल्ले झालेत, हे लपवून उपयोग नाही. एका सज्जाच्या पगारात दोन सज्जांचा चार्ज ही कायमची तक्रार. निवडणूक आली की ती, ई-पीक पाहणी आली की ती, आणि २०२५ च्या सप्टेंबरात आपल्या मराठवाड्यात पाऊस कसा कोसळला ते तुम्ही भोगलंय, तेव्हा कमरेएवढ्या चिखलात पंचनामे कोण करत होतं, तर तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक. सरकारी मदत ३३ टक्के नुकसानीपासून पुढंच मिळते, त्याच्या आत लिहिलं तर शेतकरी उपाशी आणि उगाच वर लिहिलं तर चौकशी, त्या एका आकड्यावर सगळं गाव ऑफिसात येऊन बसतं.

तर चालू ठेवू का थांबवू, ह्याचं उत्तर मी देणार नाही, तुमचाच सातबारा देईल. मुलीला दोन महिन्यांसाठी घरी बोलवा आणि सांगा, आजोबांची वारस नोंद तू करायची, मी ऑफिसात पाय ठेवणार नाही. मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं टाकून प्रतिज्ञापत्र, अर्ज, हे तिनं जमवायचं. ई-हक्क ह्या सरकारी पोर्टलवरनं घरबसल्या अर्ज करता येतो तो तिनंच भरायचा. सातबाऱ्यावर फेरफार नंबर असतात, ते एक एक धरून मागं जायचं, तहसीलच्या रेकॉर्ड रूमला नकलेचा अर्ज टाकायचा, जमीन घरात आली कुठनं तिथपर्यंत पोचायचं. आपल्याकडं निजामाच्या वेळचं बरंच उर्दूत, काही मोडीत निघतं. २०२३ ला न्यायमूर्ती शिंदे समितीसाठी कुणबी नोंदी शोधताना मोडी वाचणारी माणसं हुडकावी लागली होती, म्हणून तिला मोडीचा वर्ग करायचा असेल तर करू द्या, पुराभिलेख खातं असे वर्ग घेतं, वाया जात नाही.

ह्या सगळ्यात ती वैतागली, चार चकरांत रडकुंडीला आली, तर समजा की तिला पद हवंय, काम नको, मग बँकेची परीक्षा मनापासून द्यायला लावा. आणि जुना फेरफार हातात घेऊन रात्री तुम्हाला विचारायला लागली की अण्णा, हा सर्व्हे नंबर मधेच अर्धा कसा झाला, तर मग तिला अडवू नका, पुढची भरती कधीही निघो.

वारसांच्या यादीत तुमच्या दोघी बहिणी येणारच, आई असतील तर त्यापण. त्याचा फोन आत्यांना तिलाच करू द्या, तुम्ही शेजारी पण बसू नका.