गुलमोहराखालची छत्री ओळखताना

ही छत्री, म्हणजे अळंबी, कोणती असं तू विचारलंस, पण तू पाठवलेला फोटो वरच्या बाजूने काढलेला आहे, त्यावरून नाव सांगणं मला जमणार नाही. साताऱ्यात पावसाची झड लागली की रस्त्याकडेच्या झाडांखाली छत्र्या उगवतातच. पुढच्या वेळी आधी झाड कोणतं ते लिही. मग छत्री मातीतून आली की खोडातून, ते बघ. गुलमोहराच्या बुंध्याला लाकडासारखा कडक, तपकिरी पंखा दिसला तर ती बहुधा गॅनोडर्मा नावाची बुरशी. ती आतलं लाकूड कुजवते, म्हणून अशा झाडाची खबर नगरपालिकेला जरूर दे.

छत्री तोडू नकोस, चाकूने मातीसकट उकर. देठाच्या तळाची पिशवी मातीतच राहिली तर अमॅनिटा या विषारी छत्रीची मुख्य खूणच हातची जाते. घरी टोपी देठापासून कापून, टोपीखालच्या पात्या (पातळ पडदे) खाली करून, अर्ध्या पांढऱ्या अर्ध्या काळ्या कागदावर ठेव, वर वाटी पालथी घाल. सकाळी बीजाणूंचा, म्हणजे छत्रीच्या बियांसारख्या बारीक भुकटीचा, ठसा उमटलेला असतो. पांढऱ्या टोपीवर तपकिरी खवले, देठाला कडं आणि ठसा मळकट हिरवा, म्हणजे क्लोरोफायलम. दिसायला अगदी खाण्याजोगी, पण पोटात गेली की काही तासांत उलट्या-जुलाब सुरू.

वारुळावरची अळंबी आजीने खाऊ घातली असेल, मीही खाल्ली आहे. पण रस्त्याकडेची खायची नाही, ओळख पटली तरी नाही. छत्र्या शिसं, कॅडमियम शोषून घेतात. चांदीचं नाणं काळं पडलं तरच विषारी, किडे लागले म्हणजे चांगली, हे तर डोक्यातून काढूनच टाक.