सॅफ्रन किल्ट: भगवा, केशरी की मोहरी?

प्रश्न असा आहे. उत्तर आयर्लंडमधल्या एका लग्नाच्या वर्णनात नवऱ्यामुलाचा मामा 'सॅफ्रन किल्ट' नेसून आल्याचे लिहिले आहे. अनुवादकाने त्याचे 'भगवा घागरा' केले आणि संपादकाने ते खोडून 'केशरी किल्ट' सुचवले. याच वर्णनात पुढे, कोणते टार्टन निवडायचे यावरून घरात आठवडाभर धुसफूस चालल्याचेही आले आहे. चौकड्याच्या कापडावरून एवढा वाद कसला, आणि टार्टनला मराठीत काय म्हणायचे?

आधी घागरा बाजूला ठेवू. किल्टला घागरा, परकर किंवा स्कर्ट म्हटले की वाचक हसतो, आणि मूळ लेखकाला तिथे हसू नको आहे. शब्द 'किल्ट'च ठेवावा, पुल्लिंगी. डॅनिश भाषेत 'किल्टे' म्हणजे वस्त्र वर खोचणे. जुन्या नॉर्स भाषेतला 'क्याल्टा' म्हणजे मांडीवर धरलेला वस्त्राचा खोळगा, म्हणजे थेट आपला ओचा किंवा ओटी. क्रियापद मात्र 'घालणे' नको, 'नेसणे' हवे. किल्टमध्ये पाय घालत नाहीत, तो कमरेभोवती गुंडाळून डावा पदर वरून उजवीकडे आणतात आणि पट्ट्यांनी बांधतात. लुंगी नेसतात तसाच तोही नेसतात.

टार्टनलाही दुसरा शब्द शोधत बसू नये. 'चौकडा' जवळचा आहे, पण तो फार मोठ्या कुटुंबाचे नाव आहे. गोव्यातले लाल-पांढरे कुणबी लुगडे चौकड्याचे असते, मद्रास चेक्सचा शर्टही चौकड्याचाच. टार्टनमध्ये रंगीत धाग्यांचा क्रम मोजून ठरवलेला असतो, त्याला 'सेट' म्हणतात. साधारणपणे तोच क्रम ताण्यातही असतो आणि बाण्यातही, आणि विणकर तो धाग्यांच्या आकड्यांत लिहून ठेवतो. धागे तेच ठेवून दोन रंगांची जागा बदलली की टार्टन दुसरे होते. म्हणून पहिल्यांदा 'टार्टन, म्हणजे ठरलेल्या क्रमाच्या चौकड्यांचे लोकरी कापड' असे एकदा सांगावे आणि पुढे नुसते टार्टन लिहावे. कापड नपुंसकलिंगी म्हणून तेही नपुंसकलिंगी: ते टार्टन.

आता मुख्य मुद्दा, सॅफ्रनचा. सॅफ्रन किल्ट टार्टनचा नसतोच. तो एकरंगी असतो, आणि तो रंग आपण केशरी म्हणतो तसा नसतो. केशरी म्हटले की आपल्याला झेंडूचे फूल किंवा तिरंग्याचा वरचा पट्टा दिसतो. आयरिश पायपर, म्हणजे बॅगपाइप वाजवणारे, नेसतात त्या किल्टचा रंग बारीक वाटलेल्या मोहरीचा, कधी त्याहून तपकिरीकडे झुकणारा. केशराची काडी लाल असते, पण दुधात उतरल्यावर ती जो पिवळा रंग सोडते तो या शब्दाच्या मुळाशी आहे. सोळाव्या शतकातले गेलिक भाषा बोलणारे आयरिश लोक 'लेन्ये' नावाचा घोळदार लिननचा सदरा या रंगात रंगवून घालत. आजच्या आयरिशमध्ये लेन्ये म्हणजे साधा शर्ट. 1537 मध्ये आठव्या हेन्रीच्या राजवटीत केशराने रंगवलेल्या सदऱ्यांवर कायद्याने बंदी आली. एका सदऱ्याला सात यार्डांहून जास्त कापड लावायचे नाही, असेही त्याच कायद्यात होते. रंग आणि घोळ दोन्हींवर सरकारचा डोळा होता.

पुढे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी भाषा आणि पोशाख परत आणण्याची चळवळ उभी राहिली, तेव्हा राष्ट्रवादी मंडळींनी तो बंदी घातलेला रंग उचलला आणि स्कॉटलंडच्या किल्टवर चढवला. गुडघ्यापर्यंतचा लेन्ये म्हणजेच किल्ट, हा समज त्यांच्या मदतीला आला. समज चुकीचा होता, पण पोशाख टिकला. गंमत पुढेच आहे. ब्रिटिश सैन्यातल्या आयरिश गार्ड्सचे पायपर हाच सॅफ्रन किल्ट नेसतात आणि डब्लिनच्या आयरिश सैन्याचे पायपरही तोच. म्हणून आयर्लंडमध्ये ब्रिटनशी जोडलेले राहू पाहणारे आणि आयरिश राष्ट्रवादी, अशा दोन्ही बाजूंना खपणारा किल्ट कुठला असे विचारले, तर सॅफ्रनचे नाव आधी घ्यावे लागते. मामाने तो का निवडला असेल, याचे उत्तर बहुधा इथेच आहे.

याच्यावर 'भगवा' हा शब्द टाकला की काय होते पाहा. भगव्याचे मूळ गेरूत, काव लावलेल्या छाटीत आहे. मराठीत त्याच्यामागे वारकऱ्यांची पताका आहे, शिवकाळ आहे आणि आजचे राजकारणही आहे. बेलफास्टच्या मामाच्या कमरेला आपण नकळत आपला झेंडा गुंडाळतो. 'केशरी' त्यापेक्षा सौम्य, पण त्यानेही डोळ्यांपुढे चुकीचा रंग येतो. माझे मत: 'केशररंगी किल्ट' लिहावे आणि पहिल्या उल्लेखात 'वाटलेल्या मोहरीसारखा पिवळट-तपकिरी' एवढे जोडावे. नुसते 'मोहरी रंगाचा किल्ट' लिहिले तर रंग बरोबर दिसतो, पण 1537 चा धागा तुटतो.

'केशरी' टाळण्याचे आणखी एक कारण आहे, आणि ते जास्त नाजूक आहे. आयर्लंडमध्ये सॅफ्रन वेगळा आणि ऑरेंज वेगळा. ऑरेंज म्हणजे 1690 मध्ये बॉइन नदीकाठी जिंकलेल्या राजा विल्यमची बाजू, प्रोटेस्टंट आणि ब्रिटनशी जोडलेले राहू पाहणारी. त्यांची ऑरेंज ऑर्डर 1795 मध्ये आर्मा परगण्यात स्थापन झाली. हे नाव विल्यमच्या घराण्याकडून, म्हणजे फ्रान्समधल्या ऑरेंज या गावाकडून आले. गावाचे जुने नाव अराउसिओ, त्याचा फळाशी संबंध नाही. फळाचे नाव मात्र आपल्या नारंगापासून फारसी, अरबी करत युरोपात गेले आणि तिथे दोन्ही एकमेकांत मिसळले. म्हणून संघटनेचे नाव 'ऑरेंज ऑर्डर' असेच लिहावे, 'नारिंगी संघ' नको. आयरिश झेंड्यावरचा पट्टा मात्र नारिंगी. तिथल्या संविधानात हिरवा, पांढरा, नारिंगी असेच रंग आहेत आणि आयरिश पाठात त्यासाठी 'फ्लानवी' असा शब्द आहे: रक्तवर्णी पिवळा. त्याला कुणी 'सोनेरी' म्हटले तर आयरिश माणूस दुरुस्त करतो, कारण सोनेरी म्हटल्याने दुसऱ्या बाजूचा वाटा पुसला जातो. आपल्या वर्तमानपत्रांत तो पट्टा सवयीने 'केशरी' होतो, तेही त्याच जातीचे. आणि ऑरेंजवाल्या माणसाला आयरिश भाषेत 'फार ब्वी' म्हणतात, शब्दशः पिवळा माणूस. रंगांच्या सीमा प्रत्येक भाषेत वेगळ्या जागी पडतात, हे इथे चांगले दिसते.

आता टार्टनची धुसफूस. पहिली गोष्ट, आयरिश आडनावांना जुनी टार्टने नाहीत. दुकानात 'तुमच्या कुळाचे' म्हणून जे दाखवतात ते बहुतेक विसाव्या शतकातले, पुष्कळदा त्याच्याही शेवटचे. बत्तीस परगण्यांची टार्टने म्हणून जो संच सर्वत्र विकतात, तो 1996 च्या सुमारास एका स्कॉटिश गिरणीने काढला. परगण्याच्या कौन्सिलने ती ठरवलेली नाहीत. स्कॉटलंडमध्ये 2008 च्या कायद्याने टार्टनची सरकारी नोंदवही झाली, पण नोंद झाली म्हणजे परंपरा सिद्ध झाली असे नाही. नवे टार्टन कुणीही नोंदवू शकतो.

खरे जुने असे एकच म्हणता येईल, अल्स्टर टार्टन. 1956 मध्ये डन्गिव्हनजवळ एका शेतमजुराला मातीत पुरलेले कपडे सापडले: झगा, अंगरखा आणि चौकड्याच्या कापडाची घट्ट विजार. किल्ट नव्हे, विजार! अभ्यासकांनी त्यांचा काळ साधारण 1590 ते 1650 ठरवला. मातीने सगळे तपकिरी झाले होते. आज तपकिरी आणि लाल अशी दोन्ही अल्स्टर टार्टने मिळतात. तपकिरी म्हणजे सापडले तसे, लाल म्हणजे मुळात असावे असे मानलेले. वाद इथे सुरू होतो. स्कॉटलंड-इंग्लंडहून माणसे आणून वसवण्याची मोठी योजना 1609 ची. म्हणजे ही विजार आधीच्या गेलिक माणसाची असेल किंवा नंतर आलेल्या स्कॉटची, काळ दोन्हींना जागा देतो. दोन्ही बाजू ते टार्टन आपले म्हणतात.

त्यात नावाचा घोळ. 'अल्स्टर' हा प्रांत नऊ परगण्यांचा आहे. त्यांतले डोनेगल, कॅव्हन आणि मोनाहन हे तीन आयर्लंडच्या प्रजासत्ताकात आहेत, उरलेल्या सहांचे उत्तर आयर्लंड. मराठीत 'अल्स्टर (उत्तर आयर्लंड)' असा कंस करणे म्हणजे एका बाजूचे म्हणणे मान्य करणे. डन्गिव्हन ज्या परगण्यात आहे त्याला एक बाजू डेरी म्हणते आणि दुसरी लंडनडेरी. 'लंडन' हा शब्द 1613 च्या सनदेने चिकटला. परगण्याचे टार्टनही दोन्ही नावांनी विकले जाते. पत्रिकेत किंवा लेखात यजमान जे नाव वापरतो तेच ठेवावे, आणि दोन्ही घरे दोन बाजूंची असतील तर गावाचे नाव सांगून सुटावे.

रंगछटेची एक अडचण विकत घेणाऱ्यालाही गोत्यात आणते. टार्टनच्या यादीत नावापुढे 'मॉडर्न', 'एन्शंट', 'वेदर्ड' असे लिहिलेले असते. अनुवादक 'एन्शंट'चे 'प्राचीन' करतो, ते चूक आहे. हे कापडाचे वय नाही, रंगाचा टप्पा आहे: गडद, फिका आणि मातकट. फिक्या टप्प्यात लाल धागा बऱ्याचदा नारिंगी होतो. लाल-हिरव्या चौकड्याचे टार्टन नावावरून मागवले आणि घरी आले ते नारिंगी-हिरवे, असे होते. पूर्ण किल्टला आठ यार्ड, म्हणजे सात मीटरहून जास्त कापड लागते. शिवून झाल्यावर परत कुणी घेत नाही. म्हणून आधी हातभर तुकडा मागवून तो उजेडात पाहावा. मागच्या चुण्या 'सेटवर' घालायच्या की 'पट्ट्यावर', हेही शिंप्याला आधी सांगावे. सेटवर घातल्या तर मागेही पूर्ण चौकडा दिसतो. पट्ट्यावर घातल्या तर प्रत्येक चुणीवर एकच रंग वर येतो, आणि तो नारिंगी असला तर पाठमोरा माणूस ऑरेंज ऑर्डरच्या मिरवणुकीतला वाटू शकतो.

कापडाइतकेच बोलणारे असते ते त्यावर टोचलेले. जॅकेटच्या बटणावर शॅमरॉक म्हणजे तीन पानांचे रोप असेल तर फारसे कुणी बोट दाखवत नाही. वीणा मात्र मुकुटाखाली आहे की मुकुटाशिवाय ते पाहतात: मुकुटासह ती ब्रिटिश, मुकुटाशिवाय आयरिश सरकारची. लाल पंजा ओ'नील घराण्याचा आणि टिरोन परगण्याच्या गेलिक फुटबॉल खेळाडूंचाही, पण तोच सहा टोकांच्या ताऱ्यात मुकुटाखाली बसवला की युनियनवाद्यांचा, म्हणजे ब्रिटनशी जोडलेले राहू पाहणाऱ्यांचा. नोव्हेंबरात ब्रिटिश सैन्यातल्या मृतांसाठी लावायची खसखशीची लाल कागदी फुले आणि ईस्टरला 1916 च्या आयरिश बंडातल्या मृतांसाठी लावायची कागदी लिली यांचेही तसेच. पिन वरच्या पदराच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात लावतात, एकाच पदरातून. दोन्ही पदर टोचले तर बसताना कापड फाटते.

तेव्हा अनुवादात असे चालेल: 'मामा केशररंगी किल्ट नेसून आला, वाटलेल्या मोहरीसारखा पिवळट-तपकिरी आणि एकरंगी. कोणते टार्टन घ्यायचे हा प्रश्नच त्याने उरू दिला नाही.'